स्वर्गप्रवेशाचा ठराव

"ठरावाला अनुमोदन कोण देतंय?" नथानिएल मास्तरांनी विचारलं, आणि सगळे पंच एकदम माझ्या हातातल्या चहाच्या ट्रेकडे बघायला लागले. अनुमोदन द्यायचं जिवावर आलं की आमच्या पंच कमिटीला चहाची आठवण होत असे.

ठराव असा होता: ज्यांच्या कानांवर प्रभू येशूचं नाव कधीच पडलं नाही अशा मृत व्यक्तींना स्वर्गात प्रवेश नाही, आणि तसा प्रवेश मिळेल असं व्यासपीठावरून सांगून पाळक रेव्हरंड प्रभाकर ओहोळ यांनी चुकीची शिकवण दिली आहे, सबब त्यांना जूनअखेर सेवेतून मोकळं करण्यात यावं. स्वर्गाचा निकाल आणि पाळकांच्या क्वार्टरचा निकाल, दोन्ही एकाच वाक्यात. वाक्य मास्तरांचं होतं. सेक्रेटरीला त्यांनी स्वल्पविरामसुद्धा तोंडानं सांगितले होते.

ही सोनखडीच्या मिशन कंपाउंडातली गोष्ट, त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यातली. मी मिशनच्या दवाखान्यात नर्स होते आणि नुकतीच पंच म्हणून निवडून आले होते. कमिटीत बाईमाणूस हवं असा वरून हुकूम आला होता, तेव्हा त्यांनी मला सन्मानानं जागा दिली. जागा स्टोव्हजवळ होती.

पाळक दाराजवळ स्टुलावर बसले होते. एरवी अध्यक्षाची खुर्ची त्यांचीच, पण त्या दिवशी ते आरोपी असल्यामुळे तिथं मास्तर होते. ओहोळ पाळक किरकोळ अंगाचे, बोलताना टायशी चाळा करणारे. घरात तीन मुली, थोरली दहावीला. आमच्यात पाळकाची बदली होते त्याचं काही वाटत नाही. पण चुकीच्या शिकवणीसाठी मोकळं केलेल्या पाळकाला दुसरी कुठलीही मंडळी, म्हणजे दुसरं कुठलंही चर्च, दारात उभं करत नाही. त्यामुळे त्या दुपारी ज्यांचं खरोखर काही होणार होतं त्या चौघी, पाळकांची बायको आणि मुली, क्वार्टरमध्ये बसून होत्या, आणि आम्ही मात्र चर्चा करत होतो ती गेल्या शतकातल्या मयतांची.

पाळकांचा गुन्हा दोन वाक्यांचा. त्या आधीच्या रविवारी सव्वा तासाच्या उपदेशात ते म्हणाले होते, "ज्यांना कुणी सांगितलंच नाही, त्यांना देव 'तुला का कळलं नाही' असं विचारणार नाही. असे पुष्कळ जण मला तिथं भेटतील अशी माझी आशा आहे." आमची अर्धी मंडळी तोवर झोपलेली होती. उरलेल्या अर्ध्यांना ऐकून बरं वाटलं होतं. मास्तर पहिल्या बाकावर ताठ बसलेले होते, आणि सोमवारी सकाळी त्यांची तक्रार सेक्रेटरीच्या दारात होती.

नथानिएल पारधे मास्तर म्हणजे मिशन शाळेचे निवृत्त हेडमास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलेलं. उपासना संपली की ते पाळकांना बाजूला घेऊन उपदेशातल्या चुका सांगायचे, आधी शास्त्राच्या, मग व्याकरणाच्या. त्यांचे वडील इम्मानुएल प्रचारक पायी हिंडून गावंच्या गावं मंडळीत आणणारे. त्यांच्या नावानं आमच्याकडे दरवर्षी वक्तृत्व स्पर्धा होते.

"अनुमोदन देतो, पण एक विचारू?" खजिनदार बेंजामिन लोखंडे म्हणाले. लोखंडेंची बेकरी होती आणि मास्तरांशी पिढीजात वैर होतं. वैर जमिनीचं नव्हे. आमच्याकडे घराण्याची इभ्रत, तुमच्या घरानं येशूची सुवार्ता किती आधी ऐकली त्यावर असते. लोखंडे म्हणायचे, गोऱ्या साहेबानं पहिला उपदेश चिंचेखाली केला तेव्हा समोर त्यांचे पणजोबा होते. मास्तर म्हणायचे, साहेबाची बैलगाडी त्यांचे आजोबा हाकत होते, म्हणजे चिंच यायच्या आधी वाटेतच त्यांनी ऐकलं. दर नाताळात हा वाद चकल्यांबरोबर ताटात यायचा.

"विचारा," मास्तर म्हणाले.

"साहेब यायच्या आधी गेलेले आपले सगळे पूर्वज, मग ते सगळे...?"

"शास्त्र स्पष्ट आहे."

एवढ्यात यशवंत आबा त्रिभुवन जागे झाले. आबा ऐंशीच्या पुढचे, कमिटीतले सर्वांत जुने पंच. सभेला यायचे ते वेस्ट्रीतल्या, म्हणजे देवळामागच्या सभेच्या खोलीतल्या, पंख्यासाठी. "माझा आजा पटकीत गेला," ते म्हणाले. "साहेब आला त्याच्या आदल्या साली. त्याचं काय?"

"नाही, आबा."

"नाही म्हंजी?"

"म्हणजे प्रवेश नाही."

"आन साहेब वरीसभर आदी आला आस्ता तर?"

"तर तुमच्या आजोबांनी ऐकलं असतं, विश्वास ठेवला असता, आणि तारण झालं असतं."

आबांनी यावर बराच विचार केला. "म्हंजी बोटीला उशीर झाला म्हनून माझा आजा नरकात?"

कुणीतरी फस्सकन हसलं. मास्तरांनी त्या दिशेला पाहिलं, तर तिथं मी होते. मी स्टोव्हला पंप मारायला घेतला.

सेक्रेटरी घाटविसावे हे एस.टी.त कंट्रोलर. रोज शंभर माणसं त्यांच्या खिडकीवर भांडायची, त्यामुळे कुणालाही न दुखावता काहीच न बोलण्याची कला त्यांना साधली होती. ते म्हणाले, "मी एक दुरुस्ती सुचवतो. ज्यांनी ऐकलंच नाही, त्यांच्याबाबत आशा बाळगायला हरकत नसावी. ज्यांनी ऐकलं आणि नाकारलं, त्यांना मात्र प्रवेश नाही. म्हणजे पाळकसाहेबही तसे चुकले नाहीत आणि मास्तरांचंही राहिलं."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पाळकांचा हात टायवरून पहिल्यांदा खाली आला. लोखंडेंनी तर टेबलावर थापच मारली, "अनुमोदन! एकदम न्यायाचं बोललात."

"अवश्य," मास्तर शांतपणे म्हणाले. "मग लोखंडे, तुमचे पणजोबा. त्यांनी चिंचेखाली ऐकलं आणि साहेबावर शेणाचा गोळा फेकला, ही कथा आपण दर नाताळात ऐकतो. बाप्तिस्मा त्यांच्या मुलानं घेतला, ते गेल्यावर. बरोबर?"

लोखंडेंचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो शेणाचा गोळा त्यांच्या घराण्याचा सर्वांत मोठा दागिना होता. सुवार्ता इतक्या आधी, इतक्या जवळून ऐकल्याचा दुसरा पुरावा कुणाकडे होता? आणि दुरुस्तीचा ठराव मंजूर झाला की तोच गोळा पणजोबांना थेट खाली घेऊन जात होता.

"तसं... नक्की सांगता येत नाही," लोखंडे म्हणाले. "ते तिथं उभे होते खरे, पण ऐकलं असेल असं नाही. त्यांचे बैल हरवले होते. ते बैल शोधत होते."

"आणि शेण?"

"शेण बैलांचंच."

मग काय विचारता! पाच मिनिटांत आमच्या कमिटीचा इतिहास उलटा फिरला. बाप्तिस्मा न घेता गेलेले जे पूर्वज कालपर्यंत पहिल्या रांगेत बसून ऐकत होते, ते सगळे भराभर उठून शेतावर निघाले. एकाचे पणजोबा कानांनी अधू निघाले. एकाच्या आजीला साहेबाचं मराठी समजतच नव्हतं. घाटविसावेंनी स्वतःच्या चुलत आजोबांना तर त्या सालात मुंबईच्या गिरणीत कामाला लावलं. मीही मनातल्या मनात माझ्या घरातली माणसं मोजली आणि माझ्या पणजीला घाईघाईनं बाळंतपणाला माहेरी पाठवून दिलं. कोण जाणे, उपयोगी पडायचं.

"माझा आजा समद्यांत शाना," आबा म्हणाले. "येळंवर मेला."

मास्तर हसले नाहीत. "हा विनोद नाही," ते म्हणाले. "तुमच्या दुरुस्तीचा अर्थ कळतो का तुम्हाला? न ऐकणारा सुटतो आणि ऐकणारा अडकतो. म्हणजे माझ्या वडिलांनी पायांत काटे मोडून घेत गावोगाव जे केलं, ते लोकांचं नुकसान केलं म्हणायचं. त्यापेक्षा माझा ठराव सरळ आहे. ज्यांनी विश्वास ठेवला ते आत, उरलेले सगळे बाहेर. सगळे. आणि लोखंडे, तुमच्या पणजोबांचे बैल अजून सापडले नाहीत वाटतं?"

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. लोखंडे बेकरीवाले. भट्टीसमोर उभं राहून त्यांचा राग कायमच भाजलेला असायचा.

"माझ्या पणज्याचं सोडा, मास्तर," ते म्हणाले. "तुमच्या आईचं बोला. ती तर चिंचेखाली नव्हती, ती प्रचारकांच्या घरात होती. जन्मभर. तिनं रोज ऐकलं आणि रोज नाकारलं. दुरुस्ती नको म्हणता ती त्यासाठीच ना?"

स्टोव्हचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला. मी तो बंद केला.

काशीबाई पारधेंबद्दल कंपाउंडात कुणी बोलत नसे. मी लहान असताना ती म्हातारी प्रचारकांच्या घराच्या मागच्या पायरीवर मिश्री लावत बसलेली असायची. लग्न लहानपणीच लागलेलं, माहेर जुन्या देवांचं. तिनं बाप्तिस्मा घेतला नाही. मेली तेव्हा आमच्या कबरस्तानात तिला जागा मिळाली नाही, माहेरची माणसं येऊन घेऊन गेली. एवढ्या मोठ्या प्रचारकाच्या घरात असं कसं, हे विचारायचं नाही, ही आमची सभ्यता होती. सभ्यतेत आम्ही कुणाला हार जात नाही.

"हे आजच्या विषयात नाही," पाळक स्टुलावरून म्हणाले. आपली नोकरी वाचवायची सोडून हा माणूस मास्तरांना वाचवत होता.

"विषयात आहे," मास्तर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याविना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "तिनं ऐकलं नव्हतं."

"इम्मानुएल प्रचारकांच्या घरात?" लोखंडे हसले. "आमचे बैल तरी बरे."

"सांगतो. वडील सोमवारी निघायचे, शनिवारी यायचे. आले की संध्याकाळी प्रार्थना. आम्हा भावंडांना ओळीनं बसवायचे, तिला मधे. म्हणायचे, 'म्हण, देवाची माझ्यावर माया आहे.' ती गप्प. परत म्हणायचे. ती गप्प. तिच्या माहेरच्या देवाचा पितळेचा एवढासा टाक होता, तो ती पिठाच्या डब्यात लपवायची, म्हणून. मग ते कडुलिंबाची काठी घ्यायचे. 'म्हण, देवाची माझ्यावर माया आहे.' एकेका शब्दाला एकेक." मास्तरांचा आवाज वर्गात शिकवावा तसा सपाट होता. "ती ओरडायची नाही. आम्हाला वाटायचं, म्हण ना गं बाई एकदा, आणि सुट."

आबा खाली बघत म्हणाले, "आवाज येत व्हता, नथू. भित एकच व्हती आपली."

"माहीत आहे, आबा."

"मला वाटायचं, परचारक हायती, मोठा मानूस. आपन काय बोलावं?"

"कुणीच काही बोललं नाही," मास्तर म्हणाले. "मीही नाही. एकदा सकाळी ती भाकरी थापत होती. हात सुजलेला होता. मला म्हणाली, 'नथू, तुजा येशू बायकूला मारायचा का रं?' मी आठ वर्षांचा. शास्त्राच्या प्रश्नोत्तरांत मला पहिलं बक्षीस होतं, पण त्यात हा प्रश्न नव्हता. मी म्हणालो, 'त्याला बायको नव्हती.'"

त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलून परत ठेवला.

"ती म्हणाली, 'बरं झालं बया.' आणि भाकरी उलटली."

मी नर्स. मरणं बघितलेली, जखमा शिवलेल्या. मला रडू येतंय हे कळल्यावर मी कपबश्या आवरायला घेतल्या, आणि एक बशी हातातून पडून फुटली. कुणीही वर पाहिलं नाही.

मास्तर पाळकांकडे वळले. "त्या रविवारी तुम्ही म्हणालात, ज्यांना कुणी सांगितलं नाही त्यांना आशा आहे. सगळ्या देवळाला बरं वाटलं. मला काय ऐकू आलं माहीत आहे? ज्यांना सांगितलं, त्यांना नाही. सगळ्यांचे आजे-पणजे वर जाणार आणि माझी आई एकटी खाली राहणार. माझ्या ठरावात निदान सगळेच बाहेर होते. तिथं ती एकटी तरी पडत नव्हती."

मास्तर एवढा तर्कशुद्ध माणूस, आणि एका बाईला सोबत मिळावी म्हणून त्यांनी साऱ्या जगाच्या पूर्वजांना नरकात धाडलं होतं, वर एक पाळकही धाडायला निघाले होते. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही.

"मास्तर," पाळक म्हणाले, "मी त्यांना ओळखत नव्हतो. पण तुम्ही जे सांगितलंत त्याला सुवार्ता सांगणं म्हणत असतील, तर मी आजच राजीनामा देतो."

"तुमचं मत नाही," मास्तर म्हणाले. "तुम्ही आरोपी आहात. मत पंचांचं." चष्मा परत डोळ्यांवर गेला आणि अध्यक्ष परत खुर्चीत आले. "घाटविसावेंची दुरुस्ती सभेपुढे आहे. ती मान्य करायची तर आधी हे ठरवावं लागेल. काशीबाई पारधे यांनी ऐकलं होतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही. पंखा फिरत राहिला.

"ऐकलं नव्हतं, असं ज्यांना वाटतं?"

आबांचा हात आधी वर गेला. मग माझा. मग एकेक करून सगळे, आणि शेवटी लोखंडेंचा. आरोपी पाळकांनीही हात वर केला होता, पण त्याबद्दल कुणी हरकत घेतली नाही. मास्तरांचा हात टेबलावर होता. मतं समसमान झाल्याशिवाय अध्यक्षानं मत द्यायचं नसतं, आणि मंडळीची घटना त्यांनीच लिहिलेली होती. तो हात नुसता मिटत होता आणि उघडत होता.

"काय लिहू?" घाटविसावेंनी हळूच विचारलं.

"लिहा, विषय पुढील सभेत घ्यावा."

तसं लिहिलं गेलं. जगातल्या अज्ञ मृतांच्या तारणाचा प्रश्न आमच्या मंडळीपुढे अजूनही पुढील सभेत घ्यायचा आहे. दर नव्या कमिटीला मी त्याची आठवण करून देते, आणि त्यांना लगेच चहा हवा असतो. ओहोळ पाळक क्वार्टरमध्ये राहिले. थोरली दहावी पास झाली, पुढे त्यांच्या तिन्ही मुली इथेच वाढल्या.

पण ते त्या सभेनं झालं नाही. ते दुसऱ्या दिवशी, रविवारी झालं.

आमच्या उपासनेत उपदेशाआधी प्रार्थनेच्या विनंत्या घेतात. माणसं उभी राहून सांगतात, पाळक ते सगळं देवापुढे मांडतात. कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाचा जावई. मास्तर कधी उभे राहत नसत. त्या दिवशी राहिले.

"काशीबाई पारधे," ते म्हणाले. "माझी आई."

देऊळ एकदम थंड पडलं. आम्ही प्रॉटेस्टंट. मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करणं आमच्यात बसतच नाही. माणूस गेला की त्याचं खातं देवाकडे, आपण बोलायचं नाही. हे आम्हाला शिकवलं होतं मास्तरांनी, छडीसारख्या ताठ वाक्यांत, चौथीच्या वर्गापासून. आणि पाळकानं भर उपासनेत तशी प्रार्थना केली, तर ती चुकीची शिकवण, भरवस्तीत, सगळ्यांच्या साक्षीनं. घाटविसावेंची एखादी दुरुस्ती त्याला पुरली नसती. पाळकांना ते आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी समोर पाहिलं. दुसऱ्या बाकावर त्यांची बायको होती, तिच्या शेजारी तीन वेण्या ओळीनं.

मी लोखंडेंकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडं होतं. जन्मात एकदा मिळावी अशी तक्रार आयती समोर उभी होती, तीही पारध्यांच्या घरातून.

पाळकांचा हात टायकडे गेला आणि मधूनच परत आला. प्रत्येकाला विचारायचे तसंच त्यांनी विचारलं, "काय विनंती करायची, मास्तर?"

ज्यांनी जन्मभर आमची वाक्यं दुरुस्त केली, त्यांचं स्वतःचं वाक्य धड तयार होत नव्हतं.

"ती एकटी आहे," ते म्हणाले.

पाळकांनी पुस्तक बंद केलं. "प्रार्थना करू या."

सगळ्यांनी डोळे मिटले. लोखंडेंनी सगळ्यांच्या आधी.